वाफेवर वसलेलं शहर

मुंबईहून नागपूरला निघा, हावड्याला निघा, नाहीतर खंडवा-इटारसीवरून दिल्लीला; मध्य रेल्वेने पूर्वेला किंवा उत्तरेला जाणाऱ्याला भुसावळ सहसा चुकत नाही. गाडी इथे इतर स्टेशनांपेक्षा जरा जास्त वेळ थांबते. इंजिनवरची आणि मागच्या ब्रेकव्हॅनमधली माणसं बदलतात, डब्यांत पाणी भरलं जातं, खिडकीतून केळी घेतली जातात, चहा प्यायला जातो आणि गाडी सुटते. लाखो मराठी माणसांनी हे शहर एवढंच पाहिलं आहे, फलाटापुरतं. या प्रकरणात आपण गाडीतून उतरून गावात जाऊ, आणि तिथून पुढे वरणगावच्या वाटेवर दीपनगरच्या चिमण्यांपर्यंत.

महाराष्ट्रातली बहुतेक जुनी शहरं किल्ला, पेठ, घाट किंवा देऊळ यांच्याभोवती वाढली. मुंबई-सोलापूरला गिरण्यांनी मोठं केलं, पण बंदर आणि बाजार तिथे आधीपासून होते. भुसावळचं तसं नाही. इथे आधी इंजिन आलं, मग इंजिनासाठी माणसं आली, आणि माणसांसाठी गाव झालं. कोळसा, पाणी आणि वाफ या तीन गोष्टी बाजूला काढल्या, तर भुसावळचा इतिहास सांगायला फारसं काही उरत नाही. म्हणूनच हे शहर मला महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातलं एक मोठं प्रकरण वाटतं, आणि पर्यटनाच्या पुस्तकांनी त्याला दिलेल्या दोन ओळी अपुऱ्या वाटतात.

रेल्वेपूर्वीचं भुसावळ म्हणजे तापीच्या दक्षिण तीरावरचं एक लहानसं खेडं. खानदेशाची जुनी वर्दळ दुसरीकडे होती. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगली सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर, तिच्यावर पहारा ठेवणारा अशीरगड, व्यापाराची गावं म्हणजे चोपडा, एरंडोल, नशिराबाद. भुसावळच्या शेजारचं वरणगावसुद्धा त्या काळी भुसावळपेक्षा मोठं होतं. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर झाला आणि त्याने धुळ्याला नवी पेठ आखून जिल्ह्याचं ठाणं तिथे नेलं. भुसावळचं नाव तेव्हा कोणाच्या तोंडी असण्याचं कारण नव्हतं.

१८५३मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे लोकांच्या भाषेत जी.आय.पी., या कंपनीला त्यापुढे सह्याद्री ओलांडायचा होता. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने दोन घाट निवडले. बोरघाटातून पुण्याकडे आणि थळघाटातून नाशिक-खानदेशाकडे. थळघाट चढून इगतपुरीला आलेली वाट मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव अशी तापीच्या खोऱ्यात उतरते. इथे जमीन सपाट आणि काळी, म्हणजे रूळ टाकायला सोपी आणि कापसाला उत्तम. या खोऱ्यात एक जागा अशी हवी होती, जिथून एक फाटा तापी ओलांडून खंडव्याकडे जाईल आणि दुसरा वऱ्हाडातून नागपूरकडे. ती जागा भुसावळला सापडली. १८६०च्या दशकात इथे स्टेशन झालं. १८६५च्या आरंभी थळघाटाची चढण खुली झाली आणि मुंबईपासून इथवर सलग गाडी येऊ लागली. १८६६मध्ये रूळ खंडव्याला पोचले, १८६७मध्ये नागपूरला. १८७०च्या मार्चमध्ये जबलपूरला जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन रेल्वे एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई-कोलकाता अशी लोहमार्गाची वाट पुरी झाली. म्हणजे दहा वर्षांत एक खेडं देशातल्या दोन मोठ्या वाटांच्या नाक्यावर येऊन बसलं.

ही वाट जगाच्या कल्पनेत किती झटकन गेली पाहा. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही कादंबरी १८७२मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागली. तिचा नायक मुंबईहून गाडीत बसतो आणि खानदेशातून बऱ्हाणपूरकडे जातो. व्हर्नने हा प्रदेश पाहिलेला नव्हता. पण खानदेशच्या शेतांवरून इंग्रजी कोळशाचा धूर सोडत जाणारं इंजिन त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यात तथ्यही होतं. सुरुवातीच्या काळात जी.आय.पी.ची इंजिनं खरोखरच समुद्रमार्गे आणलेल्या विलायती कोळशावर चालत. वरोरा आणि मध्य प्रांतातल्या खाणींचा कोळसा नंतर हाती आला.

इंजिनासाठी आख्खं शहर कशाला लागतं, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. विजेचं इंजिन मुंबईहून निघून शेकडो मैल न थकता जातं. वाफेच्या इंजिनाची गोष्ट वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मालगाड्या ओढणारं डब्ल्यू.जी. जातीचं इंजिन घ्या. त्याच्या मागच्या टेंडरमध्ये सुमारे अठरा टन कोळसा आणि पंचवीस हजार लिटर पाणी मावे. पाणी वाटेत पुन्हा पुन्हा घ्यावं लागे. काही तास धावल्यावर भट्टीत राखेचा आणि जळून घट्ट झालेल्या खंगराचा थर साचे, तो काढल्याशिवाय आग नीट पेटत नसे. पाण्यातले क्षार बॉयलरच्या नळ्यांना चिकटत, म्हणून बॉयलर ठरावीक दिवसांनी थंड करून आतून धुवावा लागे. थंड बॉयलरमध्ये पुन्हा वाफ धरायला कित्येक तास जात. म्हणून इंजिनाच्या जितक्या पाळ्या रुळावर, जवळजवळ तितकीच माणसं त्याच्यासाठी शेडमध्ये. राख काढणारे, कोळसा भरणारे, तेल घालणारे, नळ्या घासणारे, ब्रेकचे ठोकळे बदलणारे, फिटर, बॉयलरमेकर, लोहार, सुतार. आणि या सगळ्यांना लागणारं पाणी तापीचं. रेल्वेने नदीवर स्वतःचा बंधारा बांधला, पंप बसवले आणि टाक्यांमधून पाणी शेडला, यार्डाला आणि वसाहतीला दिलं. तापी दुष्काळातही सहसा पूर्ण आटत नाही. भुसावळची निवड टिकली, त्याचं अर्धं श्रेय नदीला आहे.

शेडमधल्या माणसाचं आयुष्य पायऱ्यांनी मोजलं जाई. पोरगा क्लीनर म्हणून लागे. हातात तेलात भिजवलेला सुताचा गोळा, आणि काम इंजिनाचं अंग पुसण्याचं. वर्षं गेली की फायरमन. धावत्या, हिंदकळणाऱ्या इंजिनावर तोल सांभाळत फावड्याने कोळसा भट्टीत टाकायचा. तोही कुठेही नाही. मागच्या कोपऱ्यांत जाड, पुढे पातळ, काळा धूर फार निघू द्यायचा नाही आणि वाफेचा काटा खाली येऊ द्यायचा नाही. चांगला फायरमन भट्टीचं दार उघडल्यावर ज्वाळेचा रंग बघून कोळसा कुठे कमी पडतो ते ओळखत असे. त्यानंतर शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजर, आणि सगळं नीट गेलं तर निवृत्तीच्या आधी काही वर्षं मेल. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात भट्टीसमोर उभं राहून केलेली ही नोकरी होती.

गाड्यांना दिवसरात्र नसते, त्यामुळे घरांनाही नव्हती. ड्यूटी लागली की लोको ऑफिसमधून कॉलबॉय निघे. त्याच्याकडे वही. मध्यरात्री तो चाळीत येऊन नाव पुकारी, झोपलेल्या माणसाला उठवून वहीत सही घेई, आणि त्या सहीपासून घरात स्टोव्ह पेटे. डबा, पाण्याची पिशवी, बदलायचे कपडे, कंदील आणि लोखंडी लाइनबॉक्स. बाप दोन दिवसांनी परत येणार, इटारसीच्या किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये झोपून. भुसावळच्या कित्येक घरांतली जेवणाची, झोपेची आणि सणाचीही वेळ त्या वहीने ठरवली. दिवाळी लक्ष्मीपूजनाला न होता दुसऱ्या दिवशी झाली, तरी तिथे कोणाला नवल वाटत नसे.

माणसं कुठून कुठून आली! लेवा पाटीदार आणि इतर शेतकरी समाजांची पोरं आसपासच्या गावांतून आली. अँग्लो-इंडियन, गोव्याचे ख्रिस्ती, तमिळ आणि तेलुगू कारकून, उत्तर हिंदुस्थानातले खलाशी, पंजाबी, सिंधी, आणि खानदेश-वऱ्हाडातून आलेले महार समाजातले गँगमन. भुसावळच्या बाजारात आजही एकाच दुकानात लेवा बोली, अहिराणी, हिंदी आणि पुस्तकी मराठी ऐकू येते, आणि हिंदी तर इथली स्वतःची. मात्र या मिसळीकडे नुसत्या कौतुकाने पाहू नये. कंपनीच्या राज्यात मेलगाडीचं इंजिन युरोपीय आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांकडे, पगार वेगळे, बंगले आणि क्वार्टर वेगळे, क्लब वेगळा. रुळांवर ऊन खाणाऱ्यांची जागा सगळ्यांत खाली.

त्या खालच्या माणसांची बाजू या लोहमार्गावरच मांडली गेली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी तिथे बजावलं. रेल्वेतल्या अस्पृश्याचा जन्म गँगमनमध्येच का जातो, हेही त्यांनी उलगडून सांगितलं. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागत, आणि सवर्ण मास्तर घरात अस्पृश्याला घेणार नाही. म्हणून त्याला पोर्टरसुद्धा होता येत नसे, मग पुढची बढती कुठली? मनमाड आज भुसावळ विभागातलंच जंक्शन आहे. लोहमार्गाचा इतिहास सांगताना पूल आणि घाट सांगायचे आणि हे भाषण वगळायचं, असं करता कामा नये. त्याआधी १९३०मध्ये जी.आय.पी.चा मोठा संप झाला होता. स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा संप मे १९७४चा, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा, वीस दिवसांचा. देशभर त्या संपात अटका झाल्या, नोकऱ्या गेल्या, क्वार्टर रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. रेल्वेच्या गावांत त्या वीस दिवसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत.

वाफ भुसावळपुरती थांबली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला आणि कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहिला. पण रूळ राहिले, आणि रुळांच्या कडेला सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस राहिले. जळगावला मुळजी जेठांची खानदेश मिल उभी राहिली. आज तिच्या जागेवर बाजारसंकुल आहे, आणि त्याच घराण्याच्या नावाचं एम.जे. कॉलेज शहरात नावाजलेलं आहे. १९००च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्यातली रेल्वे अमळनेर-जळगावला येऊन मिळाली, त्याच सुमारास चाळीसगाव-धुळे फाटाही झाला, आणि गिरण्यांची रांग लांबली. अमळनेरला प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल, चाळीसगावलाही गिरणी.

यांतल्या अमळनेरबद्दल दोन शब्द जास्त लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६मध्ये त्या गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. वेदान्ताचा अभ्यास आणि संशोधन करण्यासाठी निवास, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, सगळं कापडाच्या पैशावर. घनश्यामदास मलकानी तिथे आयुष्यभर राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, टी.आर.व्ही. मूर्ती अशी विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातली मोठी माणसं या गावात येऊन राहिली. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक खानदेशातल्या एका गिरणीच्या गावातून जगभर जात होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आणि १९४५च्या डिसेंबरमध्ये वनस्पती तूप करण्यासाठी इथे निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी म्हणजे आजची विप्रो. गिरणीचा भोंगा, उपनिषदांचा वर्ग आणि श्यामच्या आईचा लेखक एका गावात, एका काळात. असं दुसरं गाव महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

आता परत भुसावळला, कारण गोष्टीचं मुख्य वळण तिथे आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आल्या. विजेच्या इंजिनाला कोळसा नको, पाणी नको, राख काढणारा नको. हळूहळू वाफेची इंजिनं आडवाटांवर ढकलली गेली, मग भंगारात गेली. १९९०च्या दशकाच्या मध्याला देशातल्या ब्रॉडगेजवरून वाफ संपली. फायरमन ही जात नाहीशी झाली. भुसावळ मात्र बसलं नाही, कारण विजेच्या इंजिनांचं शेड आणि त्यांच्या मोठ्या दुरुस्तीचा कारखाना इथेच आला. ज्या गावांना असा दुसरा डाव मिळाला नाही, त्यांचं काय झालं हे पाहायला इंग्लंडमधलं स्विंडन आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तिथला प्रचंड कारखाना १९८६मध्ये बंद पडला. पण त्या लोकांनी कारखान्याच्या एका जुन्या इमारतीत २०००मध्ये 'स्टीम' नावाचं संग्रहालय उघडलं, आणि आता माणसं मुद्दाम ते पाहायला जातात.

तारा आल्या त्याच सुमाराला, १९६८मध्ये, भुसावळपासून काही किलोमीटरवर फेकरी गावाजवळ दीपनगरचा पहिला वीजसंच सुरू झाला. क्षमता साडेबासष्ट मेगावॉट. १९६०मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं हे काम. जागा निवडण्याची कारणं शंभर वर्षांपूर्वीचीच होती, कोळसा आणायला रेल्वे आणि वाफ करायला तापी. १९७९ आणि १९८२मध्ये दोनशे दहा मेगावॉटचे दोन संच आले, २०१२मध्ये पाचशेचे दोन, आणि त्यांच्या शेजारी आता सहाशे साठ मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. २००५मध्ये मंडळाचं विभाजन झालं, तेव्हापासून केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आहे. पहिला संच कधीच निवृत्त झाला. नव्या संचापुढे तो खेळण्यासारखा वाटेल, पण खानदेशातल्या कित्येक गावांत पहिला दिवा लागला तो त्या काळातला.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट ही आहे. वाफ भुसावळातून गेलीच नाही, ती इंजिनातून उतरून दीपनगरला गेली. केंद्रात काय चालतं ते पाहा. वाघिणी भरून कोळसा येतो. वॅगन टिपलर नावाचं यंत्र आख्खी वाघीण धरून उलटी करतं आणि कोळसा खाली पडतो. गिरण्यांमध्ये त्याची पावडरसारखी भुकटी होते, ती हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकली जाते आणि उडत असतानाच जळते. भिंतींतल्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, तिला आणखी तापवून पाचशे चाळीस अंशांच्या आसपास नेतात. ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, त्याला जोडलेलं जनित्रही तेवढेच फेरे घेतं, आणि आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते ती या फेऱ्यांमुळे. काम झालेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते. तिला थंड करणारं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून झिरपत खाली येतं. त्या रुंद, कमरेत बारीक मनोऱ्यांतून निघणारा पांढरा लोट म्हणजे पाण्याची वाफ, धूर नव्हे. धूर निघतो तो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून.

पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे साधारण दोन मालगाड्या. त्या मालगाड्या ओढणारी इंजिनं विजेवर चालतात. ती वीज ज्या ग्रीडमधून येते, तिच्यात दीपनगरही वीज घालतं. शंभर वर्षं कोळसा इंजिनाच्या पाठीवर बसून जळत होता, आता तो मागच्या वाघिणींत बसून येतो आणि एका जागी जळतो. फावडं गेलं, भट्टी राहिली.

राखही राहिली. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, म्हणजे रोज हजारो टन. बरीचशी राख सिमेंट आणि विटांच्या कामाला जाते, बाकीची पाण्यात कालवून नळांतून वेल्हाळ्याच्या बंडात, म्हणजे राख साठवण्याच्या तळ्यात, सोडतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ती उडते. शेतावर, केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आसपासच्या गावांची ही तक्रार जुनी आहे आणि ती खरी आहे. ज्या विजेवर सारं राज्य चालतं, तिची राख मूठभर गावांनी सोसावी, हा न्याय नव्हे. राखेचा पूर्ण वापर होणं आणि बंड ओला राखणं ही कामं होण्यासारखी आहेत, आणि ती झालीच पाहिजेत.

कारखान्यांचा हिशेब पुरा करायचा तर दोन आयुध निर्माण्यांची नोंद करावी लागेल. भुसावळची १९४९मधली, वरणगावची चीन युद्धानंतर १९६४मध्ये सुरू झालेली आणि बंदुकीच्या काडतुसांसाठी ओळखली जाणारी. त्यांच्या वसाहतींमुळे शहराला आणखी एक शिस्तीचा पदर मिळाला.

आता पाहायचं काय?

स्टेशनवरच्या पादचारी पुलावर उभं राहून यार्ड पाहावं. देशातल्या मोठ्या यार्डांपैकी हे एक. कोळशाचे रेक, तेलाच्या टाक्या, बंद वाघिणी आणि मध्ये एकटंच फिरणारं शंटिंगचं इंजिन अर्धा तास बघितलं, की इथली नाडी कळते. मग रेल्वे वसाहतीतून चालत जावं. कडुलिंबाची आणि चिंचेची जुनी झाडं, उंच छतांचे बंगले, चर्च, रेल्वेची शाळा आणि दवाखाना. कोणता रस्ता साहेबांचा होता आणि कोणता खलाशांचा, हे घरांच्या व्हरांड्यांवरून आजही कळतं. यार्ड, शेड आणि वीजकेंद्र ही कामाची ठिकाणं आहेत. आत जायला परवानगी लागते, शाळा-कॉलेजांच्या सहलींनी रीतसर अर्ज करावा. बाहेरून पाहायला दीपनगर हमरस्त्यावरूनही पुरेसं दिसतं.

तापीवर हतनूरचं धरण आहे, एक्केचाळीस दरवाज्यांचं. भर पावसाळ्यात सगळे दरवाजे उघडले की जळगाव जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांची पहिली बातमी तीच असते. हिवाळ्यात या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. पक्षी पाहणाऱ्यांमध्ये हतनूरची ख्याती मोठी आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला तापी-पूर्णेचा संगम आणि काठावर चांगदेवाचं प्राचीन दगडी देऊळ. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याला ज्ञानाचा अर्थ सांगणारी कोवळी मुक्ताई याच परिसरात विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली, असं वारकरी मानतात. मुक्ताईनगरजवळ कोथळीला आणि मेहूणला तिची मंदिरं आहेत, आणि आषाढीला पंढरपूरला निघणारी इथली पालखी फार लांबचा पल्ला चालते.

तापी ओलांडून यावलच्या बाजूला गेलं की फैजपूर. १९३६च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मांडव सजवणारे नंदलाल बोस, आणि राबणारे धनाजी नाना चौधरी व त्यांचे शेतकरी कार्यकर्ते. पुढे सावदा-रावेरपर्यंत केळीच केळी. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही केळी रेल्वेने उत्तर हिंदुस्थानात पोचवली आणि ती पोचली म्हणूनच इथे एवढी लागली. थंडीत या भागात असाल तर भरीत खाल्ल्याशिवाय परतू नका. मोठी हिरवी वांगी काडक्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडजीत ठेचलेली, वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात, बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी.

अजिंठ्याची लेणी जळगावहून साठेक किलोमीटर. बहुतेक प्रवासी तिथून परस्पर निघून जातात. पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची गाडी, जिला सगळे 'पीजे' म्हणत, २०२०च्या टाळेबंदीत थांबली. ब्रॉडगेजचं काम मार्गी लागल्यावर तिचे डबे आणि इंजिन जिल्ह्यातच कुठेतरी जपले जावेत, ही मागणी वाजवी आहे.

जपायच्या गोष्टी अजून घराघरांत आहेत. भुसावळ, दीपनगर, जळगाव, अमळनेर, धुळे इथल्या ज्या वाचकांच्या घरी आजोबांचा लाइनबॉक्स असेल, हातकंदील असेल, गिरणीचं हजेरीचं तिकीट किंवा शेडमधला जुना फोटो असेल, त्यांनी तो भंगारवाल्याला देऊ नये. त्यावर नाव, साल आणि कामाची जागा लिहून ठेवावी. आणि ज्यांच्या घरी वाफेचं इंजिन चालवलेला माणूस अजून बोलता आहे, त्यांनी या सुट्टीत त्याच्याजवळ बसावं, फोनवर त्याचा आवाज नोंदवून घ्यावा, आणि एक प्रत जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागाला किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला नेऊन द्यावी.